मोठी संख्या फोडताना घाई नको

भावा, मोठी संख्या समोर आली की लगेच कॅल्क्युलेटर काढू नकोस. आपल्या कोल्हापूरचा पिनकोडच घे, 416001. आधी वर्गमूळाचा अंदाज घे. 645 चा वर्ग 416025, म्हणजे ही संख्या त्याहून फक्त 24 ने कमी. मूळ संख्यांनी भागून बघायला 644 च्या पुढे जायची गरजच नाही.

अंकांची बेरीज 12, म्हणून 3 ने भाग जातो. उरले 138667. आता 7, 11 आणि 13 एका फटक्यात तपासायचे, कारण तिघांचा गुणाकार 1001. मागच्या तीन अंकांतून पुढचे तीन वजा कर: 667 − 138 = 529. याला तिघांपैकी कुणाचाच भाग जात नाही. पण थांब, नीट बघ! 138667 म्हणजे 138 × 1001 + 529. त्यात 529 म्हणजे 23 चा वर्ग, आणि 138 म्हणजे 23 सक 138. म्हणजे 23 हा अवयव आयताच हाती लागला. मला ही जागा फार आवडते. नुसतं भागत सुटलेल्याला ती दिसत नाही.

उरले 6029. आता मर्यादा 644 वरून थेट 77 वर आली. 17 ते 73 मधल्या मूळ संख्यांनी भागून बघ, एकानेही जात नाही. म्हणजे 6029 मूळ.

416001 = 3 × 23 × 6029. तिन्ही वेगळे, म्हणून एकूण विभाजक 8.

पुढे शिवाजी विद्यापीठाचा 416004 घे. त्याला 12 ने भाग जातो. उरलेल्या 34667 साठी 186 पर्यंत जायची तयारी ठेव.