सांगिर भाषेची सुरुवात कुठून करावी

सांगिर भाषा शिकण्याचा आपला उत्साह स्तुत्य आहे. मात्र इंडोनेशियातील सुलावेसी बेटाच्या उत्तरेकडील सांगिहे बेटांवर बोलली जाणारी ही भाषा म्हणजे इंडोनेशियनची एखादी बोली, हा नवशिक्यांचा नेहमीचा गैरसमज आधी सोडावा. ऑस्ट्रोनेशियन भाषाकुळात तिचे जवळचे नाते फिलिपिन्सच्या भाषांशी आहे: सात व आठ या अंकांसाठी सांगिरमध्ये ‘पितू, वालू’, फिलिपिन्समधील टागालोगमध्ये ‘पितो, वालो’, तर इंडोनेशियनमध्ये ‘तुजुह, देलापान’. मनाडो मलयमधून (उत्तर सुलावेसीतील मलय बोलीतून) आलेले शब्द (आणि ते पुष्कळ आहेत) मूळचे सांगिर समजू नयेत. क्रियापदांचे उपसर्ग व मध्यप्रत्यय (शब्दाच्या मध्ये घातले जाणारे प्रत्यय) सुट्या तक्त्यांतून घोकण्यापेक्षा पूर्ण वाक्यांसकट पाठ करावेत, कारण कर्त्यावर भर आहे की कर्मावर, हे त्यांवरूनच ठरते. समुद्रावर वापरली जाणारी ‘सासाहारा’ ही गुप्त बोली कितीही मोहक वाटली, तरी तिला तूर्त हात लावू नये.