दादांचा तळहात

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

दादांच्या वर्षश्राद्धाच्या पुस्तिकेसाठी तू लिहिलेला मजकूर काल रात्री दोनदा वाचला. 'शूर सैनिक', 'कुशल कारागीर', 'कुटुंबवत्सल आजोबा' असे तीन परिच्छेद पाडले आहेस. तिन्ही खरे आहेत, पण त्यात मला दादा भेटले नाहीत. माणूस एकच होता गं. त्यांना एकत्रच लिही, आणि सुरुवात त्यांच्या हातापासून कर.

आधी एक चूक काढून टाक. ६५च्या लढाईत ते नव्हते. त्याच वर्षी ते खडकीला बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये भरती झाले आणि लढाई पेटली तेव्हा त्यांचं ट्रेनिंग चालू होतं. हे त्यांनीच मला सांगितलंय. पेटी उघडून बघ. पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल, दोन्ही ७१ची. ६५चा समर सेवा स्टार त्यात नाही. मेडलच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं, ते भिंगातून वाच आणि डिस्चार्ज बुकाशी ताडून घे. न लढलेल्या लढाईचं श्रेय त्यांना अजिबात खपलं नसतं.

फौजेत का गेले, ते मात्र तू लिहिलंच नाहीस. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा ते १४ वर्षांचे होते, राहायला नारायण पेठेत. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर गाळ होता आणि एक भिंत उरली होती. आदल्या रात्री फौजेचे जवान धरणावर वाळूची पोती रचत होते, हे त्यांना नंतर कळलं. धरण वाचलं नाही. तरी दादा म्हणायचे, "आपण झोपलो होतो तेव्हा कुणीतरी तिथे उभं होतं." खडकीच्या भरतीच्या रांगेत त्यांना या वाक्याने नेलं. सुतारकी घरातली होतीच. सॅपर्सना, म्हणजे फौजेतल्या इंजिनिअर जवानांच्या तुकड्यांना, सुतार, लोहार, गवंडी सगळेच लागतात.

मी त्यांच्याकडे कामाला १९८४ साली आलो. ते चार वर्षांपूर्वी पेन्शनीत आले होते आणि भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या मागच्या गल्लीत त्यांचं छोटं वर्कशॉप होतं. जुने वाडे पाडले जात होते, त्यांतलं सागवान स्वस्तात मिळायचं. अशा लाकडात मोडलेले खिळे दडलेले असतात. रंधा त्यावरून गेला की पात्याला खांडा पडलाच. आम्ही पोरं घाईने रंधा मारायचो. दादा आधी फळीवरून तळहात फिरवायचे, अगदी हळू, डोळे मिटून. कुठे शंका आली की बारीक सळई तिरकी घालून बघायचे. एकदा मी विचारलं, तिरकी का? तेव्हा त्यांनी खाली बसून मातीत दाखवलं. सुरुंग शोधताना सळई उभी खुपसली तर त्याच्या डोक्यावर दाब पडतो, तिरकी गेली तर ती कडेला लागते. "लागली की थांबायचं. घाई करणारा एकटा जात नाही, मागच्यालाही नेतो." डिसेंबर १९७१बद्दल ते माझ्याशी बोलले ते एवढंच. हे लिही. पदकांच्या यादीपेक्षा यात त्यांची लढाई जास्त आहे.

आणि आता घरातलं, जे तुझ्या रोजच्या वापरात आहे म्हणून तुला दिसलं नाही. आजीची नजर साखरेने गेली, तेव्हा दादांनी आठवडाभर दुसरं काम घेतलं नाही. कानस आणि पॉलिश पेपर घेऊन घरातली प्रत्येक कड त्यांनी गोल केली. टेबल, देवघर, खिडकीची चौकट, दिवाणाचे पाय. शेवटी फळीवरून फिरवायचे तसाच तळहात सगळीकडून फिरवला. तू लहानाची मोठी त्याच घरात झालीस. आज संध्याकाळी डोळे मिटून भिंतीच्या कडेने चाल आणि कुठे टोचतं का बघ.

रागही लिही. तुझ्या बाबांनी धंद्यात यायला नकार दिला तेव्हा ते दोन वर्षं त्यांच्याशी धड बोलले नाहीत, आणि हे चुकलंच त्यांचं. मी तेव्हा त्यांना तसं म्हणालो होतो. तुझ्या बाबांना विचार, पण दोघंच असताना विचार. सांगतील. एका ठेकेदाराने वर्षभराची मजुरी बुडवली, ते नाही लिहिलंस तरी चालेल. दादांनी तो विषय स्वतःच टाकून दिला होता.

त्यांच्या बरोबरीचे दोघं अजून खडकीत आहेत. एकांना ऐकू कमी येतं, त्यांच्या उजव्या बाजूला बस. पुढच्या महिन्यावर ढकलू नकोस. जाताना फोटो ने, प्रश्नांची यादी नको. फोटो हातात पडला की ते आपणहून बोलतात.

ती सळई माझ्याकडे आहे. मूठ शिसवीची, त्यांनीच बसवलेली, अंगठ्याच्या जागी झिजून खोलगट झाली आहे. रविवारी दहाच्या सुमाराला वर्कशॉपवर ये. एक जुनी तुळई आली आहे, अजून रंधा लावलेला नाही.

तुझा,
काका