सासूबाईंचं वजन उतरतंय

प्रश्न : माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. सहा महिन्यांत त्यांचं वजन ५२ वरून ४६ किलोवर आलं. दिवसभर चहा-खारी, रात्री मऊ भात. 'या वयात भूक कमीच' म्हणतात. खरं का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, भूक थोडी मंदावते हे खरं. पण सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वजन उतरणं ही कुपोषणाची खूण आहे, वयाची नव्हे. माझ्या आईच्या बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या, तेव्हा आहारतज्ज्ञ असूनही मी 'वय झालं' म्हणाले. महिन्याभरात ती न्हाणीघरात पडली. अजून सलतं ते.

स्नायू झिजले की तोल जातो, जखमा लवकर भरत नाहीत, साधा खोकला छातीत उतरतो. सासूबाईंना रोज निदान ४६ ग्रॅम प्रथिनं हवीत. चहा-खारीतून त्याचा लहानसा वाटाच मिळतो.

आधी कवळी सैल झालीय का बघा. याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा; थायरॉईड, साखर, बी-१२ तपासण्याविषयी विचारा. खारीच्या जागी तूप सोडलेलं मऊ मुगाचं धिरडं, वाटीभर दही द्या. चालत असेल तर उकडलेलं अंडं, त्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात. आणि त्या जेवताना कुणीतरी शेजारी बसा. एकटीला जेवण जात नाही हो.