वाचकांचे प्रश्न : गदेशिवायचा फोटो

प्रश्न : आमच्या घरात तीन पिढ्या कुस्ती चालत आली. तालमीच्या भिंतीवर आजोबांचा फोटो आहे. फेटा, खांद्यावर गदा, छाती पुढे. मी मात्र संगणकावरची नोकरी करतो. हल्ली मोबाइलवर स्वतःचीच व्यक्तिचित्रे काढू लागलो आहे, पण प्रत्येक फोटोत कुणी परकाच दिसतो. घरचे म्हणतात, ही सगळी नाटके. खरा चेहरा हवा असेल तर पोझ न देताच फोटो काढावेत का?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : परकेपणाचे अर्धे कारण तांत्रिक आहे, ते आधी उरकू. हात लांब करून काढलेल्या फोटोत कॅमेरा चेहऱ्याच्या फार जवळ असतो, त्यामुळे नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. शिवाय आपण आयुष्यभर आरशातला, म्हणजे डावे-उजवे उलटलेला चेहरा पाहत आलेलो असतो. मोबाइल स्टँडवर लावून पाच-सहा फूट मागे उभे राहावे, एवढ्याने बरेच काम होईल.

उरलेले अर्धे मात्र पोझ सोडून सुटणारे नाही. कॅमेरा समोर आहे हे ठाऊक असलेला माणूस सहज उभा राहिला, तरी ती सहजपणाची पोझच असते. इपोलित बायार या फ्रेंच माणसाने छायाचित्रणाची स्वतःची पद्धत शोधली, पण मानमरातब दागेर या दुसऱ्या फ्रेंच संशोधकाला मिळाला; तेव्हा १८४० साली त्याने बुडून मेलेल्या माणसाचे सोंग घेऊन स्वतःचाच फोटो काढला. प्रेत खोटे होते, तक्रार खरी होती. आजोबांच्या फोटोकडेही असेच पाहावे. पैलवानाने कसे दिसावे हे पेठेने आणि तालमीने ठरवले होते; आजोबांनी ते मनापासून पत्करले, म्हणून ती छाती त्यांना शोभते. तेव्हा पोझ द्यावी की नाही, यापेक्षा ती कुणी ठरवली हे विचारणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

बंगळुरूच्या कलावंत पुष्पमाला एन. यांनी छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्याबरोबर २००० ते २००४ या काळात दक्षिण भारतातील स्त्रियांच्या प्रसिद्ध प्रतिमा, त्यांत राजा रविवर्म्याची चित्रेही आली, स्वतःच्या अंगावर पुन्हा उभ्या केल्या. वेशभूषा हुबेहूब असूनही मधूनच आजची बाई डोकावते, आणि नजर तिथेच अडते. तुम्हीही आजोबांच्याच जागी, त्याच उंचीवर कॅमेरा ठेवून, तशीच गदा घेऊन उभे राहा. थट्टेचा सूर नको; कोल्हापुरात तो खपायचाही नाही. खुर्चीवर बसून पुढे आलेले तुमचे खांदे गदेखाली कसे वागतात, मनगट कुठे वळते, हे नीट टिपा. मग गदा खाली ठेवा, पण पाय हलवू नका, आणि हात कुठे ठेवावेत हे न सुचण्याच्या त्या क्षणी दुसरा फोटो घ्या. तो दुसरा फोटो तुमच्या कामाचा ठरेल असा माझा अंदाज आहे, कारण त्या उभे राहण्याला पेठेत अजून ठरलेला साचा नाही.

उजेडासाठी फ्लॅश वापरू नका. तालमीच्या दारातून येणारा सकाळचा तिरपा उजेड पुरतो; लाल मातीवरून परतलेली त्याची झाक हनुवटीखाली येते, ती रंग दुरुस्त करताना पुसू नका. बटण दाबायला वस्तादांनाच विनंती करा. त्यांच्यासमोर तुम्ही नातू म्हणून उभे राहाल, टायमर लावून एकटे असताना निराळे, आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहता येतील.