पीयू बुश जाम झाले : जबाबदार विकणारा की बसवणारा?

प्रश्न : मी पेडणे तालुक्यात राहतो आणि मोपा विमानतळावर स्वतःची टॅक्सी स्वतःच चालवतो. पुढच्या लोअर आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश, म्हणजे सांध्यातल्या गाद्या, फाटले म्हणून ऑनलाइन पीयू (पॉलियुरेथेनचे) बुश मागवले आणि म्हापशातल्या एका गॅरेजमध्ये बसवून घेतले. तेव्हापासून गाडी प्रत्येक खड्ड्यात आपटते, पुढून करकर येते आणि वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही. विक्रेता म्हणतो बसवणाऱ्याची चूक, गॅरेजवाला म्हणतो मालच वाईट. आता तो 'गाडी आणून सोडा, फुकटात काढून रबरी घालून देतो' म्हणतोय. काय करू?

उत्तर : स्टिअरिंग परत येत नसेल तर त्या गाडीत एकही प्रवासी बसवू नका. कायद्याचं नंतर बघू, हे आधी.

आणि गाडी अशी 'आणून सोडू' नका. गॅरेजवाला चांगल्या मनानेच म्हणत असेल. पण ते बुश तुमच्या पाठीमागे निघून भंगारात गेले की तुमच्यापाशी नुसती तक्रार उरेल, पुरावा उरणार नाही. तुमची सगळी केस त्या बुशमध्ये आहे. कशी, ते सांगतो.

कंपनीच्या रबरी बुशमध्ये रबर आतल्या स्लीव्हला (ज्यातून बोल्ट जातो त्या धातूच्या नळीला) चिकटवलेलं असतं. आर्म वर-खाली झाला की रबर पिळतं, स्लीव्ह जागची हलत नाही. बहुतेक पीयू बुशमध्ये उलटं असतं. पॉलियुरेथेन तसं पिळत नाही, त्यामुळे स्लीव्हला त्याच्या आत फिरावं लागतं. म्हणून तिथे ग्रीस लागतं आणि स्लीव्ह बुशपेक्षा किंचित लांब असावी लागते. बोल्ट आवळल्यावर ब्रॅकेटच्या (आर्म ज्यात बसतो त्या पकडीच्या) पत्र्यांनी स्लीव्हला धरायचं, बुश मोकळा राहायचा. स्लीव्ह आखूड असेल तर पत्रे बुशलाच दाबतात आणि आर्म जाम होतो. 'पीयू कडकच असतात' हे खरं आहे, पण कडक असणं वेगळं आणि जाम होणं वेगळं. पहिल्याबद्दल तक्रार चालणार नाही, दुसऱ्याबद्दल चालेल.

आता तपासणी. विक्रेता आणि गॅरेज दोघांनाही लेखी नोटीस द्या : अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक ठिकाणी बुश उघडणार आहे, हजर राहा. तपासायला तिऱ्हाईत माणूस घ्या. विम्याच्या कामाचे परवानाधारक सर्व्हेअर किंवा आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक शिकवणारे निदेशक चालतील, नंतर प्रतिज्ञापत्र द्यायची त्यांची तयारी मात्र हवी. गाडी लिफ्टवर घेऊन आर्मचं चाकाकडचं टोक धरणारा बॉल जॉइंट आणि अँटीरोल बारची (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांडीची) लिंक सोडवायची, आर्म हाताने उचलायचा आणि सोडायचा. फिरणाऱ्या स्लीव्हचा बुश ठीक असेल तर आर्म आपल्या वजनाने खाली येतो. सोडला तिथेच अडकून राहिला, तर त्याचा व्हिडिओ हाच तुमचा सगळ्यात बोलका पुरावा. मग बुश काढा, व्हर्नियरने बुश आणि स्लीव्हची लांबी मोजा, ग्रीस होतं की कोरडंच बसवलं ते बघा. स्ट्रट माउंट (पुढच्या शॉकअप्सचा वरचा सांधा) आणि चाकांचं अलाइनमेंटही त्याच वेळी तपासून घ्या, कारण स्टिअरिंगचा दोष समोरचे त्यांच्यावरच ढकलतील. काढलेले बुश पिशवीत घालून सह्यांनिशी सील करा. कोणी आलं नाही तर तशी नोंद करा. मग खुशाल नवे रबरी बुश घाला आणि धंदा सुरू करा. गाडी महिनोन्‌महिने दारात उभी ठेवून त्या सगळ्या दिवसांची भरपाई मागाल तर ग्राहक आयोग विचारेल, नुकसान कमी करायला तुम्ही काय केलंत?

रबरी बुश बसवताना एक सांभाळा. शेवटचं आवळणं चाकं जमिनीवर, गाडीचं वजन त्यांच्यावर असताना व्हायला हवं. चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. तुमचे पहिले बुश असेच गेले असतील का, हेही त्या तिऱ्हाइताला विचारा.

स्लीव्ह आखूड निघाली तर दोष मालाचा. पाकिटात ग्रीस आणि सूचना असूनही कोरडंच बसवलं असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार गॅरेजच्या सेवेतली त्रुटी. पाकिटात सूचनाच नसतील तर कलम 84 खाली उत्पादकाची जबाबदारी येऊ शकते, पण कायद्याच्या त्या भागाखाली खुद्द बुशचे पैसे मिळत नाहीत, आर्म किंवा ब्रॅकेटला इजा झाली असेल तर तिची भरपाई मिळते. बुशचे पैसे, मजुरी आणि बुडालेला धंदा मालातला दोष आणि सेवेतली त्रुटी म्हणून मागा. उत्पादक, विक्रेता आणि गॅरेज या तिघांनाही एकाच तक्रारीत सामनेवाले करा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवून कोणाला सुटता येणार नाही.

'टॅक्सी म्हणजे व्यापारी वापर, तुम्ही ग्राहकच नाही' असं समोरून नक्की येईल. घाबरू नका. स्वयंरोजगाराने केवळ पोट भरण्यासाठी केलेला वापर कलम 2(7) च्या स्पष्टीकरणानुसार व्यापारी ठरत नाही. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली स्वतः टॅक्सी चालवणाऱ्याचंच उदाहरण दिलं आहे. गाडी पूर्णपणे पगारी ड्रायव्हरच्या हाती असती तर मात्र अडचण झाली असती. म्हणून तक्रारीत 'मी स्वतः चालवतो, हेच माझं उत्पन्न' हे स्पष्ट लिहा.

विक्रेता परराज्यातला असला तरी तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे पर्वरीच्या उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. तुम्ही दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षं. गॅरेजने पक्कं बिल दिलं नसेल तर यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज जपा. ते दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र जोडा. बुडालेल्या फेऱ्यांसाठी आधीच्या काही महिन्यांच्या बँक नोंदी आणि विमानतळावरच्या टॅक्सी काउंटरच्या पावत्या लागतील. फुगवलेला आकडा टाकू नका, त्याने खऱ्या मागणीवरचाही विश्वास उडतो.

आरटीओची काळजी नको. बुश बदलल्याने आरसीवरची कुठलीच नोंद बदलत नाही. नोटिशीत पाकिटावरचा पार्ट नंबर आणि ऑर्डर क्रमांक जसाच्या तसा उतरवा, स्पीड पोस्टाने पाठवा आणि उत्तरासाठी 15 दिवस द्या.