निवटेकाका सापडले कुठे?

गेल्या अंकात आमच्या निवटेकाकांचं चित्र छापून आलं, म्हणजे तेच, डोक्यावर बटाटेवड्यांएवढे दोन डोळे, खाली बर्म्युडा, काखेत सोसायटीच्या मेंटेनन्सची वही, आणि तेव्हापासून हे असलं सुचतं कसं म्हणून प्रश्न येतायत. बरेचसे सारखेच होते म्हणून पाचच घेतलेत, बाकीच्यांनी रागावू नका.

ताई, मी ॲनिमेशन शिकतेय. गमतीदार कॅरेक्टर काढायची असतात पण कागद समोर आला की डोकं ब्लँक. मग पिंटरेस्ट उघडते आणि तेच मोठ्ठे डोळे, गुलाबी गाल. तुम्हाला सुचतं कुठून? – एक वाचक, ऐरोली

अगं ऐरोलीत राहतेस आणि पिंटरेस्ट कशाला उघडतेस, खाडीवर जा की. ओहोटीला गेलीस तर चिखलात निवट्या दिसतील. निवटी म्हणजे मासाच, पण माशासारखं वागायचं नाही असं ठरवून आलेली. पुढच्या दोन परांवर रेटा देत चिखलातून चालते, गालफडात पाणी भरून ठेवते, अंग ओलं असलं की कातडीतूनही श्वास घेते, आणि डोळे पार टाळूवर, बेडकासारखे. त्यात कहर म्हणजे डोळे सुकायला लागले की ती ते खाचेत आत ओढून घेते, ओले करते आणि परत बाहेर.

मी हे खाडीवर नाही, मासळी बाजारात पाहिलं. मावशींच्या टोपात निवट्या टणाटण उडत होत्या आणि त्यातली एक नुसतीच माझ्याकडे बघत बसलेली, तिने डोळे आत घेतले आणि मला चटकन एक ओळखीचे काका आठवले, हिशेब विचारला की तेही अगदी असंच करतात. मग काय, पिशवीतलं लाइट बिल काढलं आणि त्याच्या मागेच उभ्या उभ्या काढायला लागले. मावशी म्हणाल्या, घ्यायच्यात का नुसत्या बघायच्यात? घेतल्या. कालवण झकास झालं, पण ते असो.

आता यात माझी कल्पना कितीशी? निवटीचे डोळे तेवढे उचलले, बाकी सगळं जसं असतं तसं. बर्म्युडाची नाडी एका बाजूला लांब, स्लीपरचा एकच पट्टा बदललेला, तो निळा आणि दुसरा पांढरा. लोकांना वाटतं हसू डोळ्यांमुळे येतं, मला विचारशील तर ते त्या निळ्या पट्ट्यामुळे येतं. एक गोष्ट धडधडीत खोटी आणि उरलेली सगळी शपथेवर खरी, असं असलं की माणूस थांबून बघतो. तुझ्या त्या गुलाबी गालवाल्यांमध्ये सगळंच खोटं असतं ना, मग कोण कशाला थांबेल.

फ्लेमिंगोचं पण तसंच. ठाण्याच्या खाडीत हजारोंनी येतात, २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जाही, म्हणजे जगात महत्त्वाची पाणथळ जागा असा मान, मिळाला, तरी नवी मुंबईत भिंतीवर, चौकात, जिथे बघावं तिथे तोच एक पाय वर केलेला पक्षी. जरा नीट बघ ना. तो खाताना डोकं अक्षरशः उपडं करतो. त्याचा गुडघा मागे वाकतो असं आपल्याला वाटतं पण तो गुडघा नाहीच, घोटा आहे, खरा गुडघा वर पिसांत लपलेला. पिल्लू करडं असतं आणि गुलाबी रंग येतो तो खाण्यातून, शेवाळातल्या रंगद्रव्यामुळे. एवढं कळल्यावर मला वेगळं काही सुचावंच लागलं नाही. मी एक करडा तरुण फ्लेमिंगो काढला, तो रोज मामलेदारची तिखट मिसळ खातो आणि मानेपासून हळूहळू तांबडा होत चाललाय. खातो डोकं उपडं करून, त्यामुळे तर्री नाकात जाते बिचाऱ्याच्या.

माझा मुलगा पहिलीत आहे. त्याने गाईला पंख काढले तर वहीत लाल फुली मिळाली. आता तो म्हणतो मी बरोबर गाय काढणार. काय करू? – एक आई, घोडबंदर रोड

हे वाचून मला फार वाईट वाटलं, कारण मलाही तिसरीत अशीच फुली मिळाली होती, जांभळ्या कुत्र्याला, आणि त्यानंतर दोन वर्षं मी फक्त डोंगर, सूर्य आणि नारळाचं झाड काढत होते.

त्याला एखाद्या रविवारी जुनं देऊळ दाखवायला न्या, अंबरनाथचं जवळच आहे, शिलालेखाप्रमाणे १०६० सालचं, भिंती सगळ्या शिल्पांनी भरलेल्या. आणि कुठल्याही जुन्या देवळात गेलात की गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर कीर्तिमुख आहे का बघा. मोठे डोळे, वासलेलं तोंड, खाली धडच नाही. त्याची गोष्ट मुलांना जाम आवडते, शंकराने निर्माण केलेला भुकेला राक्षस, खायला काही मिळेना तेव्हा शंकर म्हणाले स्वतःलाच खा, तर पठ्ठ्याने पायापासून सुरुवात करून फक्त तोंड शिल्लक ठेवलं. पुढे किल्ल्यांवर गेलात तर दरवाजावर शरभ भेटेल, सिंहासारखं अंग, कुठे कुठे त्याला पंखही असतात आणि पंजात चक्क हत्ती पकडलेले. त्या पाथरवटाला कोणी फुली मारली होती का, असं घरी येऊन सहज विचारा. बाईंशी भांडायला मात्र जाऊ नका, साठ मुलं असतात त्यांच्या वर्गात. आणि गाय उडते तर शेण कुठे पडतं, हा प्रश्न त्याला माझ्यातर्फे विचारा, पुढची पाच चित्रं तयार.

हे असले विचित्र प्राणी-बिणी म्हणजे परदेशी पुस्तकांची नक्कल नव्हे का? आपल्याकडे ही परंपरा कुठे आहे? – एक निवृत्त वाचक, नेरुळ

काका, वरचं शरभाचं वाचलंत ना? बरं, छापील पुस्तकांतलं हवं असेल तर बंगालचे सुकुमार राय बघा. १९२३ साली आलेल्या त्यांच्या कवितांच्या पुस्तकात बदक आणि साळिंदर मिळून हांसजारू होतो, बगळा आणि कासव मिळून बकच्छप, आणि चित्रंही त्यांचीच. आपल्याकडचे व्यंगचित्रकार शि. द. फडणीस, जन्म १९२५चा, त्यांच्या चित्रांत शब्द नाही, आरडाओरडा नाही, माणसं अगदी पेठेत दिसावीत तशी साधी. त्या प्रसिद्ध मुखपृष्ठावर एका तरुणाच्या शर्टावर मांजरं आणि तरुणीच्या साडीवर उंदीर, बस, तेवढीच एक गोष्ट हललेली. शाळेच्या गणिताच्या पुस्तकातसुद्धा त्यांची चित्रं होती, तुमच्या मुलांनी त्याच चित्रांवरून बेरीज शिकली असेल. माझी सगळी चोरी तिथलीच आहे, परदेशी नाही.

कुठलं पेन, कुठला टॅब घेऊ? – कळवा

दहा रुपयांचं जेल पेन आणि पाठकोरे कागद. टॅब नंतर. ठाणे–वाशी लोकलमध्ये झोपलेली माणसं काढा, हलत नाहीत. फक्त चेहरा जसाच्या तसा उतरवू नका, नाक याचं, मिशी त्याची असं करा, कोणाला ओळखू येता कामा नये.

खरं सांगा, निवटेकाका आमच्याच सोसायटीचे सेक्रेटरी ना? – नौपाडा, नाव छापू नये

नाही हो. नाक बँकेच्या रांगेतल्या एकांचं आहे, बर्म्युडा माझ्या मामाचा, वही माझी स्वतःची. या महिन्यात हाच प्रश्न विचारणारे तुम्ही चौथे, चारही सोसायट्या वेगळ्या. आणि ज्यांच्यावरून सुरुवात झाली त्या काकांनी अंक वाचला, जिन्यात मला थांबवलं आणि म्हणाले, बाजूच्या बिल्डिंगवाल्याला बरोब्बर पकडलंस हां. मी म्हटलं, काका, तो पाण्याच्या टाकीचा हिशेब?

डोळे आत.