वाचकांचे प्रश्न : काढणीआधी काय केले की माल टिकतो?

प्रश्न : उन्हाळी कांदा चाळीत (साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये) दोन महिन्यांतच सडतो, उरलेल्याला कोंब येतात. काढणीआधी एखादी फवारणी घेतली तर फरक पडेल का? (निफाड)

उत्तर : फवारणीचे नंतर पाहू, आधी युरिया आणि पाणी. लागवडीनंतर दीड-दोन महिन्यांनी नत्र (युरियातला नायट्रोजन) पडले की पात वाढतच राहते, मान जाड होते आणि सुकताना ती नीट मिटत नाही. त्या उघड्या मानेतून सड आत शिरते. म्हणून नत्राचा शेवटचा हप्ता लागवडीपासून ४५ दिवसांच्या आत संपवा, उशीर झालाच तरी ६० दिवसांपुढे नको.

पाणी काढणीच्या दोन ते तीन आठवडे आधी तोडा. भारी काळ्या जमिनीत ओल जास्त दिवस राहते, तिथे तीन आठवडेच धरा. माना पडू लागल्यावर 'फुगवणीसाठी' एक पाणी देण्याची सवय अनेकांना आहे. त्याने वजन थोडे वाढते, पण कांदा पुन्हा मुळ्या फोडतो, वरचे पापुद्रे तडकतात आणि चाळीत तोच कांदा आधी जातो. तो विकायचा असेल तर लगेच विका, साठवू नका.

साधारण निम्म्या झाडांच्या माना आपोआप पडल्या की काढणी करा. रिकामा ड्रम फिरवून माना पाडण्याची रीत खरिपातल्या कांद्यासाठी आहे, कारण त्याच्या माना एरवी पडत नाहीत आणि तो साठवायचाही नसतो. उन्हाळी कांद्यावर ड्रम फिरवला तर पात चिरडते आणि जखमा होतात. काढलेला कांदा तीन ते पाच दिवस शेतातच पातीसकट सुकवा. एका ओळीची पात शेजारच्या ओळीतल्या कांद्यावर येईल असा पसरा, म्हणजे ऊन थेट लागत नाही. मग मान तीन-चार सेंटीमीटर ठेवून पात कापा आणि सावलीत आणखी दहा-बारा दिवस सुकू द्या. मान अगदी मुळापासून छाटलेला कांदा चाळीत भरू नये. जोडकांदा आणि डेंगळेही (फुलाचा दांडा आलेले कांदे) बाजूला काढा.

आता कोंबांविषयी. मॅलेइक हायड्रॅझाइड हे कोंब रोखणारे औषध पातीतून कांद्याच्या गाभ्यात जाते आणि तिथले पेशीविभाजन थांबवते, म्हणून कोंब येत नाही. प्रयोगांत बहुधा २००० ते २५०० पीपीएम (लिटरमागे तितके मिलिग्रॅम) प्रमाण वापरले गेले आहे. ते गाभ्यापर्यंत पोहोचायला पात हिरवी हवी. पात वाळल्यावर फवारणे म्हणजे पैसे वाया. कांदा पोसत असतानाच घाई केली तर तो पोकळ, भुसभुशीत होतो. सड मात्र या औषधाने थांबत नाही, म्हणजे तुमचा निम्मा प्रश्न तसाच राहतो. शिवाय भारतात या औषधावर बंदी आहे, म्हणून ते वापरू नका.

प्रश्न : टोमॅटो कडक राहावा म्हणून ठिबकमधून कॅल्शियम नायट्रेट देतो. तरी फळ लवकर मऊ पडते. (नारायणगाव)

उत्तर : कॅल्शियम झाडात पाण्याच्या ओढीबरोबर चालते. पानांतून बाष्प जास्त उडते, म्हणून ते पानांत जाते. फळाच्या वाट्याला थोडेच येते आणि पानातून ते फळात परत वळत नाही. ठिबकमधून देणे बंद करू नका, पण सोबत फळांवर थेट फवारा. कॅल्शियम क्लोराइड ०.५ टक्के, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम. फळ सुपारीएवढे झाल्यापासून १०-१२ दिवसांच्या अंतराने तीन वेळा फवारा, सायंकाळी. प्रमाण वाढवले किंवा दुपारी फवारले तर पानांच्या कडा करपतात. आधी एका ओळीवर मारून दोन दिवस थांबा.

काढणी जवळ आल्यावर फवारणीसाठी नायट्रेट नको, त्यातून १५.५ टक्के नत्रही जाते. १२:६१:००, ००:५२:३४, ००:००:५० ही विद्राव्य खते किंवा मॅग्नेशियम सल्फेट यांपैकी काहीही कॅल्शियमच्या टाकीत मिसळू नका. पाणी दुधाळ झाले की समजा, कॅल्शियम खाली बसले. तेच ड्रिपर बुजवते. पाण्याच्या पाळ्या अनियमित असतील तर मात्र फवारणीचा उपयोग अर्धाच.

प्रश्न : आंबिया बहराची (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलांची) संत्री भाव येईपर्यंत झाडावर थांबवायची आहेत. जिबरेलिक ॲसिड कसे वापरावे? (वरुड)

उत्तर : साल रंग बदलू लागण्याच्या सुमारास १० पीपीएमची एक फवारणी. १०० लिटर पाण्याला १ ग्रॅम शुद्ध घटक. ९० टक्क्यांची पावडर असेल तर १.१ ग्रॅम. पावडर पाण्यात नीट विरघळत नाही, आधी २०-३० मिली अल्कोहोलमध्ये विरघळवा. विहिरीच्या पाण्याचा सामू (पीएच) ७ च्या वर असेल तर तो आधी खाली आणा. साल घट्ट राहते आणि रंग उशिरा येतो, म्हणून लवकर तोडायच्या झाडांवर मारू नका.

खरा धोका पुढच्या बहराचा आहे. हे संजीवक फूलकळी धरण्याच्या काळात झाडाला मिळाले तर फुले कमी येतात. त्यामुळे डिसेंबरात, म्हणजे ताणाच्या (फुले यावीत म्हणून बागेचे पाणी तोडण्याच्या) दिवसांत, फवारणी नकोच. शिवाय फळे लटकलेली असताना बागेला धड ताण देता येत नाही. जानेवारीपर्यंत फळे ठेवण्यापेक्षा बागेचा एखादाच भाग थांबवा आणि बाकीचा वेळेवर तोडा. तोडताना देठ ओढू नका, कात्रीने कापा. उपटलेल्या देठाच्या जागी सड आधी लागते.

प्रश्न : मेथी-कोथिंबिरीचे पाणीही काढणीआधी तोडायचे का? (पुरंदर)

उत्तर : नाही, उलट. आदल्या दिवशी सकाळी हलके पाणी द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दव सुकताच उपटा. पाने ओली असताना जुडी बांधली की ती आतून तापते आणि पिवळी पडते. पाणी तोडायचे ते कलिंगड-खरबुजाचे, काढणीच्या पाच-सात दिवस आधी हळूहळू कमी करत. एकदम तोडून पुन्हा दिले तर फळ तडकते.